दुसरी बाही

सांगते, पण मधे कुणी बोलू नका, नाहीतर मला पुढचं सांगता येणार नाही. आमच्या गोदामात पॅकिंगच्या टेबलावर आम्ही चौघी. त्यातल्या बुटकीला दिवस गेले, तर काकू म्हणाल्या, विकतचं काही आणायचं नाही, बाळाचा स्वेटर आपण विणायचा. काकू म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, चिकटपट्टी अशी लावतात की खोका फाटेल पण पट्टी निघणार नाही. पाठ त्यांच्याकडे, पुढचे दोन भाग लांबडीकडे, आणि मला सुई कशी धरतात तेही माहीत नाही म्हणून माझ्याकडे बाह्या. चहाच्या सुट्टीत खोक्यांवर बसून विणायचं आणि बुटकी आली की सगळं थर्माकोलच्या गोळ्यांत लपवायचं. तिला अर्थात पहिल्याच दिवशी कळलं होतं.

माझी पहिली बाही झाली तेव्हा काकूंनी तिच्यात स्वतःचा हात घातला, पार कोपरापर्यंत गेला. म्हणाल्या, "ही बाळाची की बाळाच्या बापाची? तोंड सैल, तसा हात सैल." खरंच, मी बडबडत विणते ना, टाके आपोआप ढगळ पडतात. लांबडी इतकी हसली की तिचा टाका सुटला. तेवढ्यात खोक्यांमागून बुटकी म्हणाली, असू दे की, वाढत्या अंगाची आहे.

दुसरी बाही अर्ध्यावर होती आणि एक दिवस बुटकी कामावर आली नाही. लांबडीला बुटकीच्या नवऱ्याचा फोन आला. लांबडी नुसती हं, हं म्हणत राहिली, आणि फोन ठेवून चिकटपट्टी शोधायला लागली, पट्टी तिच्या हातातच होती. बाळ पोटातच गेलं होतं. दिवस भरले होते गं. सगळे भरले होते.

आम्हाला वाटलं, आता ती लोकर तिच्या नजरेलाही पडायला नको. काकूंनी पाठ कपाटात अगदी तळाशी घातली. तर बुटकीचाच निरोप, स्वेटर पुरा करून आणा. लांबडी म्हणाली, नको, वेड लागेल तिला. काकू म्हणाल्या, मागतेय ना, मग द्यायचा, आपण कोण नाही म्हणणाऱ्या.

मी विणायला बसले. तोंडातून शब्द नाही. आणि बाही आवळतच गेली. सुई टाक्यात शिरेना. उसवली, पुन्हा विणली, पुन्हा तेच. काकू म्हणाल्या, सगळीच उसव, खालपासून एकसारखी येऊ दे. पण खालची अर्धी मी हसत विणली होती, ती उसवायला मन होईना. तशीच पुरी केली.

बुटकीच्या आईने दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. बुटकी पलंगावर, केस विंचरलेले, सुई-दोरा आधीच काढून ठेवलेला. आम्हाला हात लावू देईना. खांदे स्वतः जोडले, पहिली बाही जोडली. दुसरी घेतली आणि तिच्यावरून खालून वर बोट फिरवत नेलं. एका जागी बोट थांबलं.

"इथे फोन आला ना?"

मी मान हलवली. ती वरची अर्धी ताणून बघत होती, ताणली जात नव्हती. मला राहवेना. म्हटलं, आण इकडे, पुन्हा विणते, फार घट्ट झालीय.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणाला घट्ट होणार आहे?"

आणि टाके घालत राहिली. बगलेत सगळं चुणत होतं, तरी घालत राहिली. लांबडी बटणांची पुडी मुठीत धरून उभी होती, ती बुटकीने मागून घेतली. बटणं शिवली. मग स्वेटर मांडीवर उताणा ठेवला आणि एकेक बटण लावत गेली, खालपासून थेट गळ्यापर्यंत.