ओरखडा नसलेला क्रेट

मित्रांनो, मी एक जुना क्रेट आहे. दिसतो मात्र नवाकोरा, आणि त्याचाच मला राग येतो.

फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या वितळवून आम्हा निळ्या क्रेटांना घडवलं. ही योजना फळं विकत घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीची. पुठ्ठ्याची खोकी एकदा वापरली की कचऱ्यात जातात. त्याऐवजी सफरचंदं आमच्यातून जावीत आणि आम्ही रिकामे परत यावं. आम्हाला एका पॅकिंग शेडमध्ये पाठवलं. तिथे काकू फळं भरायच्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, ट्रकवर माल चढवायचे. आमची थप्पी लावली की एकाचा तळ दुसऱ्याच्या काठात घट्ट बसे.

"पोरं कशी एकमेकांना धरून उभी राहतात बघा!" काका म्हणायचे. ते ऐकून मी फुगून जायचो.

पण नव्याचे नऊ दिवस. क्रेट जपून वापरले जावेत म्हणून कंपनीने बक्षीस ठेवलं. ज्याचे क्रेट सर्वांत कमी फुटतील, त्याला पुढच्या हंगामाची सगळी ऑर्डर. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना एवढंच सुचतं! शेडचा मालक त्यांच्याहून हुशार निघाला. त्याने आम्हाला धुऊनपुसून मागच्या खोलीत कुलूपबंद केलं आणि पुन्हा खोकी मागवली. कंपनी फक्त फुटलेले क्रेट मोजत होती. माल कशातून येतो हे बघणारा माणूस वेगळा होता, आणि त्याला बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं.

मालक काकूंचा लांबचा दीर. काकूंनी त्याला गाठलं.

"भाऊजी, खोकी ओली झाली की दबतात हो. ह्यांच्या डोक्याच्या वर थप्पी जाते. क्रेट काढा ना बाहेर."

"वहिनी, चार क्रेट फुटले की ऑर्डर गेलीच म्हणून समजा. मग खायचं काय आपण सगळ्यांनी?"

एका ओल्या सकाळी खालचं खोकं दबलं आणि अख्खी थप्पी काकांच्या पायावर कोसळली. भिंतीपलीकडून मी त्यांचं ओरडणं ऐकलं. पाऊल काही वाचलं नाही.

बक्षीस मात्र मिळालं. कंपनीचे साहेब आले, माझ्यावरून हात फिरवत म्हणाले, "वा, काय जपलेत!" मालकाने फोटो काढून घेतला. काकांना आता बसून करायचं काम दिलं आहे. रोज आमच्यावरची धूळ पुसायची.

काल काकू त्यांचा डबा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "फोडून टाकावासा वाटतो मेल्याला."

"त्याचा काय दोष?" काका म्हणाले. "त्याला कुणी काम करूच दिलं नाही."

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतील. मी सांगतो, आम्हाला वापरा. ओरखडे पडू द्या, कडा झिजू द्या. माझा एखादा कोपरा तुटला असता, तर काकांचा पाय शाबूत राहिला असता.