चौकटबाबाच्या निळ्या चौकटी

गोसीखुर्दच्या धरणात जुनं गाव बुडालं, नव्या गावठाणात देऊळही नवं झालं. पण त्या दिवशी देवळाकडे कुणी फिरकलं नाही. सारं गाव सभागृहात एका लॅपटॉपपुढे हात जोडून बसलं होतं.

भगवी शाल पांघरलेला चौकटबाबा डाव्या हातानं घंटी वाजवत होता. धरणग्रस्तांच्या मोबदल्याचा एक कोरा अर्ज स्कॅन करून त्यानं प्रोजेक्टरनं समोरच्या भिंतीवर पाडला होता.

"बोला, माय दार उघड!"

गर्दी ओरडली. तोच अर्जावर नावापुढे, गावापुढे पटापट निळ्या चौकटी उमटल्या. बाया डोळे पुसू लागल्या.

"देवी दार उघडते तिथं चौकट येते," बाबा घोगरा आवाज काढत म्हणाला. "जिथं येत नाही, त्या घरात दोष!"

माझं लक्ष मात्र दाराकडे होतं. कारण बाहेर लिंबाखाली दामिनी बसली होती. गावातल्या चंद्रभागाबाईच्या या सुनेला मूल नव्हतं. मागच्या बैठकीत त्यांच्या अर्जावर सगळीकडे चौकटी आल्या, फक्त 'वारसाचे नाव' यापुढे आली नाही. बाबानं लगेच सांगितलं, सुनेची कूस बांधलेली आहे, देवी दार उघडेपर्यंत तिला कुठल्याच उंबरठ्याच्या आत घेऊ नका. तेव्हापासून ती उपाशीतापाशी बाहेर होती. आणि तिचा नवरा इश्वर? तो बाबाच्या पायाशी बसून टाळ्या पिटत होता.

बाबाचा हा खेळ तपासायला माझ्यासोबत प्रतिक्षा मॅडम आल्या होत्या. त्या भंडाऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी चंद्रभागाबाईकडून तो अर्ज मागून उजेडात धरला. वारसाच्या नावापुढची रेघ नेमकी कागदाच्या घडीवर येऊन पुसली होती. मॅडमनी ती पेनानं ठळक केली.

"बाबा, हा पुन्हा स्कॅन करा."

"आता देवी थकली."

"करा ना बाबा, आमाले पाह्यचं हाये!" मागून बाया ओरडल्या.

कागद स्कॅन झाला. बाबानं घंटी उचलली, तशी मॅडमनी त्याची शाल ओढली. शालीखाली उजवा हात माऊसवर होता!

"घंटी राहू द्या," म्हणत मॅडमनी स्वतः बटण दाबलं. वारसाच्या नावापुढे चौकट आली.

"अगा माय, दार उघडलं!" चंद्रभागाबाई हात जोडून म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग कोऱ्या कागदावर 'चौकटबाबा लबाड आहे' असं लिहून त्यापुढे एक रेघ ओढली, कागद स्कॅन केला, बटण दाबलं. तिथंही निळी चौकट!

कुणीतरी फिसकन हसलं.

"हा साधा प्रोग्रॅम आहे," मॅडम म्हणाल्या. "पीडीएफमध्ये रेघ नाहीतर रिकामा रकाना दिसला, की तिथं टाइप करायला जागा करून देतो. रेघ पुसट असली की चुकतो. बाईची कूस त्याला कुठून दिसणार?"

बाबा वायर गुंडाळू लागला. लोकांनी त्याला दारातच अडवलं.

इश्वर लिंबाखाली गेला. "चाल वो घरी. रेघ पुसली होती म्हणे."

"भिंतीवरच्या चौकटीले इचारलं," दामिनी म्हणाली, "मले काहून नाही इचारलं?" मग ती मॅडमकडे वळली. "मॅडम, तुमच्या गाडीत मले मायकडे सोडता काय?"

ती आमच्या गाडीत बसली. इश्वर तिथंच उभा राहिला.

लोकहो, यंत्रं खुशाल वापरा, अर्ज भरा. पण कुणी त्यांना देवी म्हणू लागला, तर त्याचा दुसरा हात कुठे आहे ते आधी पाहा. आणि कुणाही बाबाच्या सांगण्यावरून घरच्या लेकीसुनेला उंबरठ्याबाहेर बसवू नका. एवढी अक्कल वापरायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही.