मशीनला मारलेली थाप

आमच्या शेठबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सुधाकर चुरी या माणसाने आयुष्यात काहीही कायमचं फेकलेलं नाही. सातिवलीला त्याचा प्लास्टिकच्या बादल्या-डब्यांचा कारखाना आहे, पण जीव अडकलेला असतो समुद्राकडच्या वाडीत. तिथे केळीचा बुंधा असो की माडाची झावळी, सगळं खड्ड्यात जातं आणि खत होऊन परत येतं. "जमिनीत टाकलेलं फुकट जात नाही," असं तो येताजाता ऐकवतो. हाच नियम त्याने कॉम्प्युटरलाही लावला होता. काम झालं की फाइल डिलीट. वाचायचा कंटाळा आला तर न वाचताच डिलीट. पुढे कधी लागलीच तर मला हाक यायची, "क्षितिजा, जरा खण गो." मग मी पुसलेल्या फायली परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवून त्याला हवं ते उकरून द्यायचं. लोक कपाट वापरतात, आमचा शेठ उकिरडा वापरायचा.

तेवढ्यावर भागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण खणायची चटक लागलेला माणूस आपल्याच वाडीत थांबत नाही. ते सॉफ्टवेअर शेठ माझ्याकडून शिकला आणि आम्ही जेवायला बसलो की आमची मशीनं उकरायला लागला. त्याला ते सोपंही होतं. आमच्या टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड. खरे कॉम्प्युटर सगळे माझ्या खोलीतल्या एका सर्व्हरच्या पोटात, व्हर्च्युअल मशीन म्हणून. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं. प्रत्येकाला वाटतं आपला संसार स्वतंत्र, आणि सगळ्यांची पथारी एकाच जुन्या, घरघरणाऱ्या हार्ड डिस्कवर. सालोमी आंटी अकाउंट्स बघतात. त्यांनी लेकीसाठी लिहून पुसलेली स्थळाची माहिती शेठने उकरली आणि भर ऑफिसात विचारलं, "मुलगा काय करतो?" आंटी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

पण खरा घोळ झाला तो फिशपाँडवरून. दर जानेवारीत कारखान्याचा वाढदिवस शेठच्या वाडीत होतो. मडक्यात कंद-भाज्यांची उकडहंडी लागते, शेठ स्वतः वाढतो आणि जेवणानंतर फिशपाँडचा, म्हणजे एकमेकांवरच्या निनावी टोमण्यांचा, खोका उघडतात. कुणी कुणावर काय लिहिलं ते कळू नये, म्हणून सगळे टाइप करूनच टाकतात. गेल्या वर्षी साच्यांची डिझाइनं करणाऱ्या कॅल्विनने शेठवर टाकला होता:

चहात दूध कमी पडलं, शेठ म्हणे चालेल,
दूधवाल्याचं नाव घे रे, रंग आपोआप येईल.

वाडी हसून लोळली. शेठही हसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने सर्व्हर उकरला, कॅल्विनच्या मशीनमध्ये पुसलेल्या दोन ओळी सापडल्या, आणि कॅल्विन वरच्या एसी डिझाइन रूममधून खाली ग्राइंडरवर गेला. "जरा खालचंही काम शिकून घे," म्हणे. ग्राइंडर म्हणजे फुटक्या बादल्या भरडायचं मशीन. कान किटतात, नाकात रंगीत भुकटी जाते. वर्ष होत आलं, पोरगा तिथेच. परत घ्या म्हणून त्याने तीनदा अर्ज टाइप करून शेठच्या फोल्डरात टाकला. उत्तर नाही.

मला राग आला होता, आणि माझा राग दूध उतू जातं तसा नसतो. तो विरजणासारखा सावकाश लागतो. मी ठरवलं की यंदा शेठवर फिशपाँड मी टाकणार, आणि तो माझा आहे हे त्याला कळता कामा नये. कळलं तर माझी थंडगार सर्व्हर रूम गेली आणि कॅल्विनच्या शेजारी दुसरं फावडं माझं. चंदनसारहून रोज स्कूटरवर धूळ खात येणाऱ्या बाईला त्या खोलीची किंमत विचारा.

वाट शेठनेच दाखवली. साच्यांच्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली आणि चालायलाच तयार होईना. तिला साधी हार्ड डिस्क चालत नव्हती, एसएसडीच हवी होती, म्हणजे ती न फिरणारी, झटपट डिस्क. शेठच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"नवीन डिस्का घ्यायच्या? सगळ्यांना?"

"घ्यायला नकोत," मी म्हटलं. "व्हर्च्युअल मशीनची डिस्क तरी कुठे खरी आहे? सर्व्हरवरची ती एक मोठी फाइल. सेटिंगमध्ये खूण केली की मशीनला वाटतं, आपल्याकडे एसएसडी आहे."

"म्हणजे मशीनला थाप मारायची?"

"तसंच."

"फुकट?"

"फुकट."

शेठचा चेहरा उजळला. "मग मार की! माणसांना आपण रोज मारतो, त्याचं काय वाटतं का?"

इतकी स्वच्छ परवानगी मला सरकारनेही दिली नसती. शेठला जे माहीत नव्हतं ते असं. साध्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की नुसती पाटी निघते, माल तिथेच पडून राहतो. म्हणून तर तो उकरता येतो. एसएसडी असली की मशीन डिस्कला लगेच कळवतं, "ही जागा रिकामी झाली, झाडून टाक." आणि डिस्क झाडते. मागे काही उरत नाही. आता माझ्या मशीनला डिस्क एसएसडी वाटली, तर ते हा निरोप आपल्या खोट्या डिस्कलाही धाडणार होतं.

मी पहिली खूण केली, मशीन बंद करून चालू केलं. आतल्या विंडोजने डिस्कच्या नावापुढे इमानेइतबारे लिहिलं, सॉलिड स्टेट ड्राइव्ह. बाजूला ती म्हातारी हार्ड डिस्क घरघरतच होती. मी एक फाइल बनवली, तिच्यात "शेठ कंजूस आहे" असं लिहिलं, पुसली आणि खणली. फाइल आली की वर! शेठ कंजूस आहे, जसाच्या तसा. मला घाम फुटला, तोही एसीत. मग डोक्यात प्रकाश पडला. नुसती थाप मारून भागत नाही, ती निभवावी लागते. मशीन निरोप धाडत होतं, पण खालचा सर्व्हर तो कानाआड करत होता. त्याच्यासाठी दुसरी खूण होती, डिस्कार्ड नावाची. तीही केली. पुन्हा लिहिलं, पुसलं, खणलं. काही नाही. पुन्हा खणलं. काहीच नाही. मग मी सगळ्या मशीनना दोन्ही खुणा केल्या, शेठच्या मशीनलासुद्धा, आणि प्रत्येकात एकदा ऑप्टिमाइझचं बटण दाबलं. वर्षानुवर्षांचा पुसलेला गाळ एका दुपारीत गेला. सर्व्हरवरच्या फायली निम्म्याने लहान झाल्या. इतका आनंद मला दिवाळीची साफसफाई करूनही कधी झाला नव्हता.

गंमत पुढेच. दुसऱ्या दिवशी सालोमी आंटी धावत आल्या. "क्षितिजा, नवीन डिस्क काय फास्ट आहे! बटण दाबायच्या आत उघडतं!" काहीही फास्ट झालं नव्हतं. तीच डिस्क, तीच घरघर. पण सगळं ऑफिस आठवडाभर खूश होतं. मशीनला मारलेली थाप माणसांनाही लागू पडली होती, आणि खरं सांगून कुणाचा आनंद घालवायची मला गरज वाटली नाही.

शेठ वाडीतल्या वाढदिवसाच्या तयारीत गुंतला होता, त्यामुळे खणायला फिरकला नव्हता. मग मी माझ्या दोन ओळी लिहिल्या, प्रिंट काढली, फाइल पुसली आणि चिठ्ठी खोक्यात टाकली.

वाडीत सगळं नेहमीसारखं झालं. मडक्यातून उकडहंडीची वाफ निघत होती. शेठ लेंगा-सदऱ्यात सगळ्यांना आग्रह करत होता, "कोनफळ घे अजून, घरचं आहे." जेवणं झाली आणि सालोमी आंटी फिशपाँड वाचायला उभ्या राहिल्या. वॉचमनवर झाला, माझ्या स्कूटरवर झाला, आंटींवर तर तीन झाले. शेठ पहिल्या खुर्चीत पुढे सरकून बसला होता, हसायची तयारी करून. प्रत्येक चिठ्ठी उघडली की तो मान वर करायचा, आणि नाव दुसऱ्याचं निघालं की पुन्हा मागे टेकायचा. मी माझ्या चिठ्ठीची वाट बघत होते. आता येईल, मग येईल. खोका रिकामा झाला. माझी चिठ्ठी आलीच नाही.

निघताना आंटींनी मला बाजूला घेतलं. "शेठवरचा एकच होता गो. मी आधीच खोका चाळला आणि तो चुलीत टाकला. कशाला अजून एक पोर ग्राइंडरला पाठवायचं?" त्या बिचारीला काय माहीत ते पोर मीच. मी शेठकडे पाहिलं. तो एकटाच खुर्च्या घडी करत होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"काल माझ्यावर एकही नव्हता."

"नव्हता, शेठ."

"असं कसं? कुणीतरी लिहिला असेल. घाबरून पुसला असेल. खण."

मी त्याच्यासमोर खणायला घेतलं. एकेक मशीन. पडद्यावर दरवेळी तेच, पुसलेल्या फायली शून्य. शेठ वाकून बघत होता. शेवटचं मशीनही कोरडं निघालं तेव्हा तो स्टुलावर बसला.

"एवढी माणसं," तो म्हणाला. "वर्षभर माझ्याकडे कामाला. आणि कुणाला माझ्यावर दोन ओळी सुचल्या नाहीत? लिहून पुसाव्यात एवढ्याही?"

मी गप्प बसले असते तर सुटले होते. चिठ्ठी जळलेली, फाइल झाडलेली, पुरावा शून्य. देवाशप्पथ, गप्पच बसणार होते. पण तो माणूस त्या स्टुलावर असा बसला होता, की गप्प बसणं मला दगड गिळण्यासारखं झालं.

"सुचल्या होत्या," मी म्हटलं. "मला." आणि डोळे मिटून म्हणून टाकलं:

वाडीत शेठ कोनफळ खणी, हापिसात खणी फाइल,
पुसलेलं सारं वाचून काढी, लिहिलेलं कधी वाचील?

पहिल्या ओळीला तो हसला. दुसरीला थांबला.

"लिहिलेलं कुठलं वाचलं नाही मी?"

"कॅल्विनचे अर्ज. तीन."

"ते होय," तो म्हणाला. "ते मी न उघडताच डिलीट केले. लागले तर खणता येतात म्हणून. काढ आता."

"नाही निघणार," मी म्हटलं, आणि थापेच्या दोन्ही खुणा त्याला सांगून टाकल्या. कशासाठी केल्या तेही सांगितलं. शेठचा चेहरा लाल झाला.

"मग त्या खुणा काढ."

"काढल्या तर साच्यांचं सॉफ्टवेअर बंद पडेल. आणि गेलेलं ते गेलंच."

त्याने तो रिकामा पडदा बंद केला. मग उठला आणि "चल" म्हणाला. मला वाटलं, निघाली माझी स्वारी फावडं घ्यायला. आम्ही जिना उतरून ग्राइंडरच्या शेडमध्ये गेलो. कॅल्विन निळ्या भुकटीत माखलेला होता. शेठने स्वतः मशीनचं बटण बंद केलं. शेठला तिथे पाहून आजूबाजूची चार माणसंही हात थांबवून उभी राहिली.

"कॅल्विन, तू अर्जात काय लिहिलं होतंस?"

कॅल्विनने माझ्याकडे पाहिलं. "शेठ, वाचला नाही काय?"

"नाही वाचला. पुसला. आता तो निघत पण नाही. तूच सांग."

कॅल्विनने तोंडावरचा रुमाल सोडला. निघत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरताना मला स्पष्ट दिसलं. "शेठ, तीन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, मला परत डिझाइनला घ्या. दोन, इथे एक्झॉस्ट फॅन लावा, पोरं खोकून मरतात. आणि तीन," इथे त्याने घसा साफ केला, "शनिवारी सगळ्यांना हाफ डे."

तिन्ही वेळा अर्ज टाइप करायला मी त्याच्या शेजारी बसले होते. हाफ डेचा त्यात मागमूस नव्हता. फॅनचाही नव्हता.

शेठ माझ्याकडे वळला. "असं होतं त्यात?"

शेडमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

"होतं, शेठ," मी म्हटलं. "तिन्ही वेळा."

शेठने माझ्या चेहऱ्यावर नजर रोखली, मग कॅल्विनच्या. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "खणून बघायची सोय राहिली नाही," तो म्हणाला. "म्हणजे आता तुम्ही सांगाल ते खरं मानायचं."

"हो, शेठ," कॅल्विन म्हणाला.

"वाईट सवय लावताय मला," असं म्हणून शेठ जिना चढून वर गेला. कॅल्विन त्याच दिवशी वर डिझाइनला परत गेला, फॅन बसायला थोडे दिवस लागले. पण त्या शनिवारी कारखाना दुपारीच सुटला.