अभिप्राय मागवण्यात येत आहेत

माझी थोरली बहीण लुएला हिला कुणी अदबीने काही विचारलं, की ती सगळं खरं सांगून मोकळी होते. म्हणून तिला कुणी फार अदबीने काही विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे सरकारला कोण सांगणार?

त्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती आणि स्वतःवर भलतीच खूश दिसत होती. तिचा नवरा आर्लिस पुढच्या खोलीत खुर्चीवर पेंगत होता. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय. जन्मभर खाणीत राबला, कोळशाची धूळ फुप्फुसात साठत गेली, आणि वर अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात कामातून गेला. त्याला दरमहा मिळणारे पैसे आणि ते यंत्र, दोन्ही एका सरकारी कार्यालयाकडून येतात. त्यासाठी दरवर्षी एक फॉर्म भरायचा. माणूस अजून आहे का, आजारी आहे का, चोरून कुठे कामाला तर जात नाही ना, असल्या चौकशा. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांत तो फॉर्म येतो.

"मी अभिप्राय दिला," लुएला म्हणाली.

"कुणाला?"

"सरकारला. त्यांनी मागितला होता."

तिने फ्रिजवर चिकटवलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दवाखान्याच्या फळ्यावर लावलेल्या सूचनेची ती प्रत होती. फॉर्म पुढेही चालू ठेवायचा तर सरकारला म्हणे कायद्याने आधी लोकांना विचारावं लागतं. तर विचारलं होतं: हा फॉर्म भरायला सरासरी आठ मिनिटं लागतात असा आमचा अंदाज आहे, तो बरोबर आहे का? या फॉर्मचा लोकांवर किती भार पडतो? अभिप्राय मागवण्यात येत आहेत.

"आठ मिनिटं!" लुएला म्हणाली. "नेवा, आठ मिनिटांत मला चष्मा सापडत नाही."

"मग तेवढंच लिहायचं."

"छे गं. इतकं नीट विचारलंय त्यांनी. इतक्या वर्षांत कधी कुणी विचारलं होतं का, की बाई, तुला त्रास काय होतो? मी सगळं लिहिलं."

तिने मला कच्चा मजकूर वाचायला दिला. अक्षर सुरेख, शाळेत तिला त्याचं बक्षीस मिळालं होतं. पहिलं पान ठीक होतं, औषधांची नावं, डॉक्टरांच्या तारखा शोधण्यात किती वेळ जातो वगैरे. दुसरं पान वाचता वाचता मी उठून उभी राहिले.

"सही करायला मला वेळ लागत नाही," असं तिने लिहिलं होतं. "झटका आल्यापासून नवऱ्याला पेन धरता येत नाही, म्हणून त्याची सही मीच करते. हुबेहूब जमते. पण मी सही करते तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून बसतो, आणि मी त्याच्याकडे पाठ करून. मग तो दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नाही. तो वेळ तुमच्या आठ मिनिटांत धरला आहे का?"

आणि या मजकुराखाली, झोकात, आर्लिस स्टिडॅम अशी सही!

"ही कुणी केली?"

"मी. कार्यालयाला जाणाऱ्या कागदावर मी नेहमी..." एवढं बोलून ती थांबली. हातातली शेंग तशीच राहिली.

"लुएला, त्या फॉर्मच्या तळाला काय छापलंय ते ठाऊक आहे ना तुला? खोटी सही केली तर दंड, तुरुंग आणि पैसे बंद. पैसे बंद म्हणजे ते यंत्रही बंद. आणि तू त्यांना स्वतःच्या हाताने लिहून कळवलंस! वर पुरावा म्हणून खोटी सहीसुद्धा जोडलीस! अगं, चोरसुद्धा चोरी करून पावती ठेवून जात नाही!"

"हळू बोल. तो उठेल."

"हे पत्र कुठे आहे?"

"सकाळी टाकलं टपालात."

दुपारचा ट्रक एकदा टपाल घेऊन डोंगर उतरला, की पत्र आपलं राहत नाही. मी तिला शेंगांसकट उठवलं आणि गाडीत घातलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "पण त्यांनी विचारलं होतं गं." मी इतकी चिडले होते की वळणावर ब्रेकच दाबला नाही. खरं तर घाबरले होते, पण मला घाबरता येत नाही, मला चिडताच येतं.

आमचा पोस्टमास्तर डेन्व्हर फ्यूगेट. मुलगा चांगला आहे, पण नियमाबाहेर एक तिकीट चिकटवणार नाही. पिशव्या बांधून तयार होत्या. त्याने शांतपणे एक सोडली, पाकीट शोधून वर काढलं आणि स्वतःच्या बाजूलाच धरून ठेवलं. मला तर वाटलं, खिडकीतून हात घालून ओढून घ्यावं.

"परत घेता येतं," तो म्हणाला. "पण त्याला अर्ज आहे."

"असणारच," मी म्हटलं.

"आणि अर्ज पाठवणाऱ्यानेच करायचा. पाठवणारे आर्लिसकाका आहेत."

"अरे, नाव त्याचं असलं तरी..." लुएलाने तोंड उघडलं.

"म्हणजे लुएलाकाकू, तुम्ही त्यांच्या नावाने लिहिलं का? चालेल ना. तसं लिहून द्या. 'आर्लिस यांच्या नावाने मी पत्र लिहिलं आणि सही केली.' मी तारीख-शिक्का मारतो."

लुएलाने पेनाकडे हात नेला. देवाशपथ नेला! मी तिच्या पायावर जोरात पाय दिला. एक कबुली परत घ्यायला आलो होतो, ही दुसरी देऊन जात होती, तीही शिक्क्यासकट.

"आर्लिसला घेऊन येते," मी म्हटलं. "तू इथेच थांब. आणि काही लिहू नकोस. काही बोलूही नकोस. बायबलसुद्धा वाचू नकोस."

आर्लिसला गाडीत घालणं म्हणजे कपाट हलवण्यासारखं काम आहे. ऑक्सिजनची फिरती टाकी, नळ्या, टोपी, टोपी तर हवीच. "लुएलाला पोस्टात तुझी सही हवीय, टपालाचं काम आहे," इतकंच मी सांगितलं. चार पावलं टाकली की थांबायचा. त्या टाकीचं बिल सरकारने थांबवलं तर काय, हा विचार सारखा डोक्यात येत होता, आणि मी गाडी फार जोरात चालवत होते.

पोस्टात पोचलो तेव्हा ट्रक आलेला होता. ट्रकवाला, काउंटीपलीकडचा कुणी अनोळखी माणूस, मागचं दार उघडून पिशव्या आत टाकत होता.

डेन्व्हरने अर्ज पुढे सरकवला. "काका, इथे सही करा. पाकिटावरच्या अक्षराशी जुळली की झालं."

आर्लिसने पाकीट पाहिलं. आपलं नाव पाहिलं, झोकातलं. मग लुएलाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तो खाली बसला. पेन उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला, ते गळून पडलं. डाव्या हातात घेतलं. 'आ' काढायला गेला तर रेघ कागदाबाहेर गेली. दुसरा अर्ज. पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम आला.

"डेन्व्हर, मी निघतोय," ट्रकवाला दारातून ओरडला.

"एक मिनिट रे!" डेन्व्हर म्हणाला आणि खाली वाकला. त्याचा आवाज मऊ होता, तेच वाईट झालं. "काका, सही जमत नसेल तर एक सोय आहे. फुली मारा. दोन साक्षीदार लागतील, बायको चालत नाही, मीही चालत नाही. फुली असली की अक्षर जुळवावं लागत नाही."

आर्लिसने पेन टेबलावर ठेवलं.

"नाही," तो म्हणाला.

डेन्व्हर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याचे लोक बाहेरून आलेले, त्याला काय माहीत. आर्लिसच्या आजोबांना लिहिता येत नव्हतं. एकदा कोळसा कंपनीचा गोडबोल्या माणूस घोड्यावरून आला, जमिनीखाली जे काही असेल ते विकत घेतो म्हणाला आणि कागद पुढे केला. म्हाताऱ्याने फुली मारली. खालचं काढायला वरचं उचलावं लागलं तरी चालेल, हे त्या कागदात होतं, ते त्यांना वाचून कोण दाखवणार? आर्लिस पोरगा असताना यंत्रं आली आणि त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत डोंगराचा माथा खाली ढकलला, मक्याचं शेत गेलं, विहीर गेली. स्टिडॅमांच्या घरात त्यानंतर फुली हा शब्द शिवीसारखा झाला. आर्लिसला त्याच्या आईने चुलीपुढे बसवून नाव गिरवायला लावलं. झोकदार सही हा त्याचा एकच माज. म्हणून तर लुएला इतकी वर्षं ती सही करत आली. फुलीची सोय फॉर्मवरही होती, बारीक अक्षरात. दोघांनीही ती कधी वाचली नाही, किंवा वाचली आणि बोलले नाहीत.

"नेवा," आर्लिस मला म्हणाला, "या पाकिटात काय आहे?"

ट्रकवाला दारात उभा राहून घड्याळ बघत होता. डेन्व्हर ऐकत होता आणि मला खोटं सुचेना.

"आर्लिस, हे पत्र गेलं तर ते लुएलाला घेऊन जातील," मी म्हटलं. "याहून जास्त मला इथे सांगता येत नाही."

त्याने लुएलाकडे पाहिलं. मग त्याने डाव्या मुठीत पेन धरलं, मूल चमचा धरतं तसं. एक तिरकी रेघ मारली. श्वास घेतला. तिच्यावर दुसरी मारली. रेघा वाकड्या आल्या, पण फुली ती फुली. कुणालाही जमते, म्हणून तर त्याला ती नको होती.

मी साक्षीदार म्हणून सही केली आणि धावत जाऊन ट्रकवाल्याला बाहीला धरून आत आणलं. "मी या माणसाला ओळखत नाही," तो कुरकुरला.

"फुली मारताना पाहिलंस ना दारातून? मग कर सही!"

त्याने केली. डेन्व्हरने पाकीट आर्लिसच्या हातात दिलं.

मला वाटलं, सुटलो. लुएलाने हात पुढे केला. "आण इकडे, चुलीत घालते." पण आर्लिसने पाकीट दातांनी फोडलं आणि वाचायला लागला. ओठ हलत होते. दुसरं पान त्याने दोनदा वाचलं.

"मला वाटायचं, त्या दिवशी तू माझ्यावर चिडलेली असतेस," तो म्हणाला.

"मला वाटायचं, तू," लुएला म्हणाली.

ती रडायला लागली. डेन्व्हर उगाचच तिकिटं मोजत राहिला. आर्लिसने दुसरं पान दुमडून शर्टाच्या आत सरकवलं. पहिलं पान उलटं करून काउंटरवर ठेवलं, त्याची मागची बाजू कोरी होती.

"यावर लिही," तो तिला म्हणाला.

"आता कशाला रे? सोड ना."

"आजोबांना कुणी विचारलं नाही. हे विचारतायत तर उत्तर जाऊ दे. लिही. 'मला सही करता येत नाही. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.' बास. पुढे काही नको."

"साहेब, मला खाली अजून चार गावं करायचीत," ट्रकवाला म्हणाला. पण टोपी काढून तो भिंतीला टेकला होता.

लुएलाने डोळे पुसले आणि लिहिलं, तेच सुरेख अक्षर. मागच्या वर्षांच्या सह्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही, आणि त्या बाबतीत मीही माझं तोंड बंद ठेवलं, जे मला फारसं जमत नाही. ओळी संपल्या. तिचा हात सवयीने खाली गेला, 'आ'चा झोक घ्यायला लागलासुद्धा.

आर्लिसने तिचं मनगट धरलं आणि पेन काढून घेतलं.

"नाव माझं आहे," तो म्हणाला. "फुलीही माझी मीच टाकतो."