मागची गाडी

मोटारहोमच्या मागे उभी राहून लोर्नाने हात वर केला. डावा दिवा लागला, उजवा लागला, ब्रेकचे दोन्ही लागले. मागे जोडलेल्या छोट्या निळ्या गाडीचे दिवे बघायचं काम तिचं. बाकी दांडा जोडणं, पिना घालणं, दांडा सुटला तरी गाडी धरून ठेवणाऱ्या साखळ्या अडकवणं सगळं तिच्या नवऱ्याचं, मर्लचं. आयोवातलं घर विकून दोघं या चाकांवरच्या घरात राहायला आली तेव्हापासूनची ही वाटणी होती.

"साखळ्या लावल्यास ना?" तिने विचारलं.

"उभा जन्म ट्रक चालवलाय मी," मर्ल खिडकीतून म्हणाला. "आता तू शिकव मला."

वाकून बघायला दोन पावलं पुरली असती. पण हिवाळ्यापासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. चहाचं आधण ठेवून विसरायचा, मुलीच्या नावाच्या जागी बहिणीचं नाव घ्यायचा, आणि कुणी चूक दाखवली की दिवसभर फुगून बसायचा. आजचा दिवस तरी बरा जावा म्हणून लोर्ना न वाकताच त्याच्या शेजारी जाऊन बसली. मुलीला तिने यातलं काहीच कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर किल्ल्या गेल्या असत्या, आणि किल्ल्यांबरोबर घरही.

न्यू मेक्सिकोतला तो घाट उन्हाने पांढरा पडला होता. मोटारहोम धापा टाकत चढत होतं. वळणावर कुणीतरी रस्त्याकडे पाठ करून कुंपणाचे खांब ठोकत होता. मर्लने त्याला हात केला, पण त्याचं लक्ष नव्हतं. माथा जवळ आला तशी लोर्नाची नजर सहज समोरच्या छोट्या पडद्यावर गेली. मागच्या कॅमेऱ्यात एरवी निळं बॉनेट दिसायचं. आता नुसता रस्ता दिसत होता.

"मर्ल, गाडी कुठे आहे?"

"कुठली गाडी?"

तो थट्टा करत नव्हता. तिने त्याला मागे फिरायला सांगितलं.

माथ्यावर मोटारहोम वळवून ते खाली आले. निळी गाडी त्या वळणावर कुंपणात घुसून तिरकी उभी होती. खांब ठोकणारा माणूस गाडी आणि खांबाच्या मध्ये चेपून खाली घसरला होता. पन्नाशीचा असेल. लोर्ना त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. मर्लने फोन लावला, पण आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येईना. तिने फोन हिसकावून घेतला, जागा सांगितली आणि पुन्हा त्या माणसाचा हात धरला.

"आत कुणी नव्हतं," तो माणूस म्हणाला. "मी बघितलं. गाडीत कुणीच नव्हतं."

"नाही, कुणी नव्हतं. तू बोलू नकोस."

"मग बरं झालं," तो म्हणाला.

रुग्णवाहिका येईपर्यंत तो गेला होता. त्याचं नाव एफ्राइन बाका होतं, हे तिला पोलिसाकडून कळलं.

पोलिसाने रस्त्यावर सापडलेली पिन दाखवली. ती निसटू नये म्हणून लावायची क्लिप दांड्यापाशी नव्हतीच. साखळ्या मोटारहोमच्या डिकीत गुंडाळून ठेवलेल्या होत्या, आणि गाडी सुटलीच तर तिचे ब्रेक लागावेत म्हणून असलेली तारही त्यांच्याशेजारीच.

"मी स्वतः लावल्यात," मर्ल म्हणाला. "कुणीतरी काढल्या असणार."

पोलीस लोर्नाला बाजूला घेऊन गेला, पण मर्लला ऐकू जाईल इतक्याच अंतरावर. "बाई, हल्ली ते विसरतात का?"

नाही म्हणणं सोपं होतं. घाटातल्या उष्ण वाऱ्यात कुणीतरी त्या माणसावर पांढरी चादर घातली होती आणि तिच्या कडा दगडांनी दाबत होतं.

"हो," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून. मला ठाऊक होतं."

मर्लने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मग तो मोटारहोमच्या पायरीवर जाऊन बसला.

डॉक्टरांनी तपासून स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं, म्हणून खटला उभा राहिला नाही. मर्लचा परवाना गेला. मुलगी येऊन त्याला आयोवाला घेऊन जाणार होती. त्याआधी लोर्ना एकटीच बाकांच्या घरी गेली. एफ्राइनची बायको ओफेलिया जाळीच्या दाराआड उभी राहिली. दार तिने उघडलं नाही.

"शेवटी मी त्यांच्याजवळ होते," लोर्ना म्हणाली. "गाडीत कुणी नव्हतं म्हणून त्यांना बरं वाटलं. तुम्हाला हे कळायला हवं असं वाटलं मला."

ओफेलिया म्हणाली, "पोलीस सांगत होते, तुला माहीत होतं."

"होतं."

"तरी त्याला चालवू दिलंस."

"हो."

"रागावला असता म्हणून?"

लोर्नाने होकारार्थी मान हलवली.

"माझा नवरासुद्धा रागावायचा," ओफेलिया म्हणाली. "आता जा तू. पुन्हा येऊ नकोस."

तिने आतलं लाकडी दारही लावून घेतलं. लोर्ना अंगणातून बाहेर पडली. मोटारहोम उभं होतं त्या तळावर जायला बस नव्हती. उन्हात रस्त्याच्या कडेने ती चालत निघाली. मागून वाहन आल्याचा आवाज झाला की ती दरवेळी थांबायची, मान वळवून आत कुणी बसलंय का ते बघायची, आणि मगच पुढचं पाऊल टाकायची.