धाकट्याच्या शेजारचा चाकू

"घरात एवढे चाकू, आणि कांदा चिरायला एकही धड नाही," असं आई आल्यागेल्याला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या सुरीखाली टोमॅटो कापला जाण्याऐवजी चेंगरायचा. आणि बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, जन्मात काही न कापलेली पाती हिरव्या मखमलीवर ओळीने मांडलेली असायची.

बाबा वीज कंपनीत मीटर तपासायचे. उरलेला सगळा जीव या कपाटात. कुठल्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेला घडीचा चाकू, कुठल्या पर्वतमोहिमेची आठवण म्हणून काढलेला, शिंगाच्या मुठीचे शिकारी सुरे. ठरावीक संख्येत काढायचे, प्रत्येकावर त्याचा क्रमांक कोरायचा आणि मग साचा मोडून टाकायचा, अशी ते बनवणाऱ्यांची रीत. "पुन्हा होणे नाही," असं बाबा प्रत्येक चाकूबद्दल म्हणायचे. आई म्हणायची, "बरंच आहे."

पात्याला उघडं बोट लावायचं नाही, हा घरातला पहिला नियम. घामात मीठ असतं. आज ठसा उमटतो, पुढे त्याच ठशाचा गंज होतो. मी पुढे रसायनशास्त्र शिकले, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले, पण गंजाचा पहिला धडा मला बाबांनी दिला होता.

घडीचा चाकू उघडताना पातं शेवटी मुठीतल्या स्प्रिंगवर, म्हणजे कमानीवर बसतं आणि 'खट्' असा आवाज होतो. प्रत्येकाचा वेगळा. आम्हा दोघा भावंडांना बाबा पाठ करून बसवायचे आणि मागे एकेक चाकू उघडायचे. कोणता, ते ओळखायचं. धाकटा दरवेळी "पुलाचा!" म्हणून ओरडायचा, कारण त्याला तेवढाच माहीत होता. पुलाचा चाकू माझा होता. माझा जन्म झाला त्या आठवड्यात नदीवरचा नवा पूल सुरू झाला, त्याच्या आठवणीचा. हाडाची पिवळसर मूठ, पात्यावर पुलाच्या कमानी कोरलेल्या. त्याचा आवाज कोरडा आणि नेमका होता. तो ओळखायला मी कधीच चुकले नाही.

"हा थोरलीचा," बाबा म्हणायचे. "मी जायच्या आधी स्वतःच्या हातानं देईन."

दुसरं काही मी त्यांच्याकडे कधी मागितलं नाही. हे मात्र मनात धरून होते.

धाकटा टेलिफोनच्या टॉवरवर काम करायचा. पहिल्या पगारात त्याने जुन्या बाजारातून बाबांसाठी एक चाकू आणला. एका बोट कंपनीच्या शतकपूर्तीचा, जुन्या प्लास्टिकच्या, दुधी रंगाच्या गुळगुळीत मुठीचा. बाबांनी तो हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "सेल्युलॉइड आहे." एवढंच. तो चाकू खिडकीतल्या उघड्या बशीत राहिला. धाकटा हसून म्हणाला, "माझ्या चाकूला कपाटात जागा नाही वाटतं! बाहेरच्या बाहेर?"

तिसऱ्या वर्षी तो टॉवरवरून पडला.

तेराव्या-चौदाव्या दिवशी केव्हातरी बाबांनी बशीतला चाकू उचलून कपाटात मधोमध, माझ्या चाकूच्या शेजारी ठेवला. काचेच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या. "धूळ नको," म्हणाले. वरून जाड कापड टाकलं, आणि त्यानंतर ते कपाट कुणी उघडं पाहिलं नाही. मी दुसऱ्या गावी होते. सुट्टीत यायचे, कापड दिसायचं, विचारायचं धाडस व्हायचं नाही.

यंदा हॉस्पिटलने बाबांना घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. मी रजा टाकून आले. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीतच लावला होता. साखरेने डोळे आधीच नेले होते. समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखायचे.

एका दुपारी ते म्हणाले, "थोरले, तुझा चाकू काढ. आता वेळ झाली."

मी हातमोजे घातले, कापड बाजूला केलं. काच आतून धुरकट होती. ब्लेडने सिलिकॉन कापून दार ओढलं, आणि आधी कापराचा वास आला. त्याच्याखाली दुसरा, नाकात टोचणारा, आम्लाचा. तो मी रोज कामावर ओळखते. त्याच्यासाठी आमच्याकडे पंख्याची बंद पेटी असते.

मधोमध धाकट्याचा चाकू होता. त्याची दुधी मूठ आक्रसून तडकली होती, खडीसाखरेसारखे तुकडे सुटले होते, त्यांना तपकिरी घाम फुटला होता. त्याच्याभोवती सगळी पितळ हिरवी झाली होती. पात्यांना खड्डे पडले होते. जो जितका जवळ, तो तितका खाल्लेला. माझा चाकू सगळ्यात जवळ होता. पुलाच्या कमानी कुठे होत्या ते मला माहीत होतं म्हणून दिसल्या.

"कसे आहेत?" बाबांनी विचारलं.

"छान आहेत."

"बोलत का नाहीस मग?"

"बघतेय, बाबा."

तेवढ्यात शिकारी काका आले. बाबांचे जुने मित्र, चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. फक्त शिकारी सुरे जमवायचे म्हणून शिकारी. बाकी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढत. त्यांनी एक नजर कपाटात टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "वा! काय ठेवलेत रे, लेका! पोरी, जरा पाणी दे गं मला." आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले.

"त्यांना सांगू नका, काका," मी हळूच म्हटलं. "त्यांना माहीत नाही. धाकट्याच्या चाकूनं हे केलंय असं कळलं तर..."

काकांनी पेला तसाच धरून ठेवला. "माहीत नाही? अगं, सेल्युलॉइड वेगळं ठेवायचं, हवेत ठेवायचं, हे आमच्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. एक कुजलं की बंद पेटीत सगळ्यांना घेऊन जातं. तुझ्या बाबांनीच मला शिकवलंय ते."

मला खिडकीतली बशी आठवली.

"मी सांगितलं होतं त्याला, सिलिकॉन लावत होता तेव्हा. म्हटलं, अरे वेडा झालास का? तर म्हणाला, 'बाहेरच्या बाहेर गेला तो. आता बाहेर ठेवणार नाही.' काय बोलणार? आम्ही दोघंही रडलो, झालं."

"आणि माझा?"

"हो, म्हटलं ना मी. म्हटलं, निदान पोरीचा तरी काढून घे. तिला शब्द दिलायस." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. "म्हणाला, 'तिचं काय, ती आहे ना.'"

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही. "मी रोज खिडकी उघडायचे," ती म्हणाली, "आणि ते रोज लावायचे. वास जाईल म्हणून. मला वाटायचं, मुलाचा वास येत असेल त्यांना. येऊ दे, म्हटलं."

"तू तरी सांगायचंस, आई."

"तू कुठं विचारलंस? तू शिकलेली. तुला दिसेल म्हटलं."

काका पाणी न पिताच गेले.

मी खायचा सोडा पाण्यात कालवला आणि माझा चाकू दात घासायच्या ब्रशने घासला. हिरवं सुटलं, खाली खड्डे राहिले. खड्डा भरून येत नसतो. सांध्यात तेलाचे थेंब सोडले, पुसले, पुन्हा सोडले. काळं पाणी येत राहिलं. धाकट्याचा चाकू मी कपाटातून काढून पुन्हा खिडकीतल्या बशीत ठेवला होता. योग्य तेच केलं होतं.

संध्याकाळी बाबांनी हाक मारली. "झाला का पुसून?"

मी चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी हातमोजे मागितले नाहीत. उघड्या अंगठ्याने ते मुठीवरून, मग पितळेवरून, मग बंद पात्याच्या पाठीवरून गेले. अंगठा एका खड्ड्यापाशी थांबला, पुढे गेला, दुसऱ्यापाशी थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"घे," ते म्हणाले. "दिला बघ."

मी घेतला.

"उघड एकदा. ऐकू दे."

मी नख अडकवून पातं ओढलं. निघालं ते. पण कमान आतून खाल्ली गेली होती, तिच्यात ताण उरला नव्हता. पातं ओल्या पुठ्ठ्यासारखं सरळ झालं. आवाज झालाच नाही.

बाबा मान किंचित वळवून, कान देऊन पडले होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हं," ते म्हणाले. "पुलाचा."

"हो," मी म्हटलं.

ते दमले. डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले, मी उठले.

"थोरले, त्याचा कुठाय?"

"खिडकीत ठेवलाय, बाबा. हवेत."

"एकटा?"

मी खिडकीकडे पाहिलं.

"आत ठेव," ते म्हणाले. "आणि काच लाव."

त्यांना मी सांगू शकले असते. आता बंद केलं तर आणखी काय होईल आणि का, हे या घरात दोघांनाच नीट समजत होतं आणि दोघंही त्या खोलीत होतो. मी बशी उचलली. तुकडे सांडू नयेत म्हणून खाली तळहात धरला. मधल्या जागेवर तो ठेवला. शेजारी मखमलीवर माझ्या चाकूच्या आकाराचा तपकिरी डाग होता, त्याच्यापलीकडे पर्वतमोहिमेचा चाकू, अजून बऱ्यापैकी धड. आता तो सगळ्यात जवळचा.

मी काच लावली. सिलिकॉन नव्हतं, म्हणून फटीवर चिकटपट्टी लावली, वरपासून खालपर्यंत, नखाने दाबत.

"लावलीस?"

"लावली."

"घट्ट?"

"घट्ट, बाबा," मी म्हटलं, आणि कापड ओढून घेतलं.