बाकडं हटवून काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक म्हातारा स्टँड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात तो, तीन पायांचा. स्वतःची गोष्ट सांगायला उभा राहिलो आहे खरा, पण आधीच सांगून ठेवतो, मी भयंकर चिडलेला आहे. गोडगोड आत्मवृत्त हवं असेल तर शाळेच्या घंटेकडे जा.

माजिवड्याच्या क्लिफर्ड अंकलनी मला घेतलं, तेव्हा ते तिशीत होते आणि माझे तिन्ही पाय चकचकीत काळे होते. लग्नांचे फोटो काढणारे तेव्हा ठाण्यात ढिगाने होते. अंकल दुकानांचे फोटो काढायचे. सलून, चष्म्याचं दुकान, भांड्यांचं दुकान, डोंबिवलीतलं औषधांचं दुकान. मी त्यांच्या खांद्यावर बसून सगळीकडे हिंडलो.

दुकानाच्या आत चांगला फोटो काढणं म्हणजे खायचं काम नाही, बरं का! वर पांढरी ट्यूब, गल्ल्यावर पिवळा बल्ब, दारातून येणारं ऊन. तिन्ही रंग एकमेकांत मिसळले की धडधाकट माणूससुद्धा कावीळ झाल्यासारखा दिसतो. म्हणून अंकल आधी निम्मे दिवे बंद करायला लावत. देवापुढचा लाल बल्ब मात्र कोणी बंद करू देत नसे. मग अंकल मला दोन पावलं सरकवून तो खांबाआड घालत, पण दुकानदाराशी हुज्जत घालत नसत. कमी उजेडात कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्या वेळात माणसाचा हात हलतो. मी हलत नाही. त्यासाठीच तर मी.

पण या सगळ्याच्या आधी अंकल अर्धा तास नुसते बसायचे. गिऱ्हाईक कुठे उभं राहतं, मालक कोपर कुठे टेकतो, बोलताना कोणाकडे बघतो, ते पाहत चहा प्यायचे. मग मला म्हणायचे, "चल रे, आता उभा राहा." कल्याणच्या परशुराम सलूनवाल्याने आपल्या दुकानाचा फोटो पाहून अंकलचा हात दोन्ही हातांत धरला होता. "सहा आरसे आहेत माझ्याकडे, आणि तुम्ही एकातही दिसत नाही!" असं म्हणाला होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मग मोबाइल आले. अंकलचे गुडघे गेले. धंदा त्यांच्या पुतण्याने, नेविलने, हातात घेतला. नेविल तिशीचा, चुणचुणीत, बोलण्यात पटाईत. त्याने मला दाराआड छत्र्यांमध्ये उभं केलं. चार वर्षं! चार वर्षं माझ्या अंगावर ओल्या छत्र्या निथळल्या, एक पाय गंजला, आणि कोणाला काही पडलेलं नव्हतं.

गेल्या मार्चच्या सुरुवातीला एकदाची त्याला माझी आठवण झाली. विठ्ठलवाडीला हौसाबाईंचं मिरची कांडप केंद्र आहे. मोबाइलच्या नकाशावर टाकायला त्याचा फोटो हवा होता. जागा अंधारी, मोबाइलने धड फोटो येईना, म्हणून निघाली माझी वरात.

मित्रांनो, तिथली रीत आधी समजून घ्या. बाया आपली मिरची निवडून, उन्हात वाळवून घेऊन येतात. हौसाबाईंच्या मशीनची लोखंडी मुसळं धाडधाड पडत राहतात. समोर एक लांब बाकडं आहे. त्यावर नाकाला पदर लावून बायका बसून राहतात, आपलाच मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटून होईपर्यंत. कोणाची मिरची कोणाच्या मिरचीत जायला नको, म्हणून. मार्च ते मे, एवढाच मोसम. हौसाबाईंच्या घरची वर्षभराची चूल त्यावर पेटते.

नेविल आत शिरला आणि शिंकला. पुढे जे केलं ते ऐका. "मावशी, मशीन बंद करा. हे पसरलेलं लाल सगळं पुसा. ह्या बायकांना जरा बाहेर पाठवा. आणि ते बाकडं हटवा, फ्रेममध्ये घाण दिसतंय."

हौसाबाई म्हणाल्या, "आरं बाबा, बाकडं काढलं तर बाया बसतील कुठं?"

"फोटोत कशाला बसायला पाहिजे, मावशी? क्लीन लूक पाहिजे. लोक एसीतून बघणार आहेत."

बिचाऱ्या हौसाबाई! शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर त्यांनी स्वतः फडकं घेऊन मशीन पुसलं. बाकडं मागच्या गल्लीत गेलं. नेविलने जागा रुंद दाखवणारी लेन्स लावली, दहा फुटांची खोली हॉलएवढी केली, आणि पुढ्यात मसाल्याच्या चार बरण्या मांडल्या. मी काय केलं? मी उभा राहिलो. गंजलेला पाय घट्ट रोवून. फोटो रेघेसारखा सरळ आला आणि काचेसारखा स्वच्छ. तो खोटेपणा माझ्या पायांवर उभा राहिला, याची मला अजून शरम वाटते.

मोबाइलच्या नकाशावर तोच फोटो लागला. एप्रिलच्या मध्यावर हौसाबाई थेट माजिवड्याला घरी आल्या. चप्पल काढायच्या आत बोलायला लागल्या.

"काय रं, काय केलंस तू माझ्या दुकानाचं? रोज फोन येतात, तयार मसाला किलोला कसा? कांडून देता का, म्हणून कोणी इचारत नाही! घोडबंदर रोडच्या बाया दरसाल गाडी करून यायच्या. यंदा एक आली न्हाई, फोटो बघून त्यांना वाटलं कांडपच बंद झालं. मोसम निम्मा गेला माझा!"

नेविल हसला. मित्रांनो, तो हसला! "मावशी, फोटो एक नंबर आहे. व्ह्यूज बघा किती आलेत."

तेवढ्यात आतून अंकलच्या पत्नी, बर्नाडेट आंटी, हात पुसत आल्या. दर उन्हाळ्यात त्या वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला करतात, वीस-पंचवीस जिन्नस घालून. त्यांनी चष्मा लावून तो फोटो पाहिला.

"मी नाय देणार इथे माझी मिरची," त्या म्हणाल्या. "बसायला जागाच नाय. म्हणजे हे लोक डबा ठेवून घेणार आणि सांगणार, संध्याकाळी या. आतमध्ये काय मिसळतील कोणाला माहीत?"

"आंटी, तसं नाहीये, तिथे बाकडं आहे..."

"मग ते दिसत का नाय?"

अंकल खुर्चीवरून उठले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "अर्धा तास बसला असतास तर कळलं असतं, गाढवा! तू दुकान धुऊन काढलंस आणि विश्वासच पुसून टाकलास. काढ तो फोटो. आत्ता." नेविलने मान खाली घालून तो फोटो उडवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही विठ्ठलवाडीला गेलो. अंकल काठी टेकत आले. बाकडं जागेवर होतं, मशीन चालू होतं, आणि बाकड्यावर तीनच बायका होत्या. एरवी या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नसते. अंकलनी नेविलला त्या तिघींशेजारी बसवलं. अर्धा तास. त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, शिंका थांबेनात. बायका पदराआड हसत होत्या. मी मनात म्हटलं, बस लेका, चांगला बस!

मग त्याने स्वतःहून उठून निम्म्या ट्यूब बंद केल्या, दार पूर्ण उघडलं आणि मला बाकड्याच्या उंचीवर बसवलं. फोटोत मुसळं हलल्यामुळे पुसट आली. हौसाबाईंचा हातही पुसट आला. पण बाकड्यावरच्या तिघी, त्यांचे डबे, त्यांची मशीनवर खिळलेली नजर, सगळं अगदी स्पष्ट आलं. हौसाबाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "हे माझं," एवढंच म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, झालं की सगळं ठीक! काही ठीक झालं नाही. मे महिन्यात थोड्या बायका आल्या. घोडबंदरच्या आल्या नाहीत. त्यांची मिरची तोवर दुसरीकडे कुटून झाली होती, आणि मसाला वर्षातून एकदाच करतात. जूनमध्ये हौसाबाई लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. नेविल त्यांना दोनदा भेटायला गेला. पण त्यांचा मोसम त्याला परत देता आला नाही.

म्हणून मी चिडलेला आहे. मित्रांनो, माझे पाय पुसा, मला छत्र्यांत कोंबू नका, हे तर सांगायलाच नको. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. मला खांद्यावर टाकून कोणाच्या दुकानात शिराल तेव्हा आधी बसा. गिऱ्हाईक तिथे का येतं, ते बघा. ते न बघता कोणाला "हे हटवा, ते हटवा" म्हणालात, तर माझा गंजलेला पाय ऐन वेळी दुमडेल, तुमचा महागडा कॅमेरा फरशीवर आपटेल, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटणार नाही.